नाव बदललेल्या कृषी कंपनीचे नवे संकेतस्थळ: मुंबईतील एका डिझाइन संस्थेच्या सेवेचे परीक्षण

बियाणे, पीक संरक्षणाची औषधे आणि विद्राव्य खते विकणाऱ्या आमच्या कंपनीने नाव, बोधचिन्ह आणि वेष्टनांची रंगसंगती बदलली, तेव्हा संकेतस्थळही मुळापासून नव्याने करून घ्यायचे ठरले आणि ते काम लोअर परळमधील एका डिझाइन संस्थेला देण्यात आले. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातर्फे हे काम करून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मला एका सेवेचे गुणदोष नोंदवायचे आहेत आणि अशा प्रकारचे काम मुंबईत अनेक संस्था जवळपास याच पद्धतीने करतात. ज्यांची कचेरी मुंबईत आणि ग्राहक शेतात आहे, अशा कोणत्याही कंपनीला या नोंदींचा उपयोग व्हावा.

निष्कर्ष आधीच सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर उत्पादनाची माहिती कशी दिसावी याचा या संस्थेने केलेला विचार मला आजवर दिसलेल्या कृषी संकेतस्थळांपेक्षा सरस वाटला. जुन्या नावाकडून नव्या नावाकडे ग्राहकाला सुखरूप आणण्याचे काम मात्र तिने दुय्यम मानले, आणि त्याचा त्रास ऐन खरिपात शेतकऱ्यांना झाला.

कृषी व्यवसायात नावे बदलणे नवे नाही. मुंबईतील युनायटेड फॉस्फरस २०१३ मध्ये यूपीएल झाली. डाऊड्यूपॉन्टचा कृषी विभाग २०१९ मध्ये कॉर्टेव्हा या नावाने स्वतंत्र कंपनी झाला. अशा बदलात भागधारकांसाठी आणि वितरकांसाठी निवेदने निघतात, शेतकऱ्याला मात्र बदल कळतो तो दुकानात पाकीट वेगळे दिसल्यावर. त्याच्या लक्षात कंपनीचे नाव क्वचित असते. उत्पादनाचे नाव, पाकिटाचा रंग आणि गेल्या हंगामातला अनुभव एवढेच त्याच्या लक्षात असते. ओळखीचे औषध अनोळखी वेष्टनात समोर आले की ते बनावट तर नाही ना, ही शंका अगदी स्वाभाविक असते आणि ती दूर करणे हे नव्या संकेतस्थळाचे पहिले काम ठरते.

संस्थेचे पहिले सादरीकरण या गरजेपासून दूर होते. सभागृहातील मोठ्या पडद्यावर भाताच्या शेतावरून फिरणाऱ्या ड्रोनचे चित्रीकरण, त्यावर नवे बोधचिन्ह आणि खाली कंपनीचे ध्येयवाक्य असे मुखपृष्ठ दाखवण्यात आले. ते देखणे होते यात शंका नाही. परंतु आमच्या संकेतस्थळावर येणारे बहुतेक लोक मुखपृष्ठावर येतच नाहीत; ते गुगलवर उत्पादनाचे नाव शोधून किंवा पाकिटावरील क्यूआर कोड स्कॅन करून थेट उत्पादनाच्या पानावर पोहोचतात. आम्ही ही बाब मांडल्यावर संस्थेने आपले काम बाजूला ठेवले आणि उत्पादनाच्या पानापासून, तेही लहान पडद्यापासून, पुन्हा सुरुवात केली. मोठ्या पडद्याचे तयार काम असे सोडून देण्याची तयारी फारशी कोणी दाखवत नाही, म्हणून याचे श्रेय त्या चमूला द्यायला हवे.

रिस्पॉन्सिव्ह रचनेची, म्हणजे पडद्याच्या आकाराशी स्वतः जुळवून घेणाऱ्या मांडणीची, कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली. पडद्याच्या रुंदीनुसार ताणले किंवा आकसले जाणारे रकाने, त्यांच्यासोबत लहानमोठी होणारी चित्रे आणि ठरावीक रुंदीला मांडणी बदलणारे नियम हे तिचे तीन आधार होते. आज ही कौशल्ये कोणत्याही संस्थेकडे असतात, आणि २०१९ पासून गुगल नव्या संकेतस्थळांची नोंद घेताना मुळात त्यांची मोबाइलवरील आवृत्तीच पाहत असल्यामुळे ती असावीच लागतात. त्यामुळे मजकूर फोनवर मावतो का, या प्रश्नावर संस्थांमध्ये फरक करता येत नाही. फरक दिसतो तो फोनवर मावण्याच्या पलीकडची अडचण त्यांना किती समजते यावर, आणि कृषी कंपनीच्या बाबतीत ती अडचण म्हणजे मात्रेचा तक्ता.

कीटकनाशकाच्या लेबलवरील तक्त्यात पीक, कीड, हेक्टरी मात्रा, लागणारे पाणी आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचे दिवस) असे रकाने असतात. तीनशे साठ पिक्सेल रुंदीच्या फोनवर हा तक्ता दोन प्रकारे बिघडतो. तो संपूर्ण बसवला तर अक्षरे वाचता येत नाहीत. आडवा सरकवण्याची सोय केली तर पिकाचा पहिला रकाना नजरेआड जातो आणि कापसाची मात्रा सोयाबीनची म्हणून वाचली जाण्याचा धोका निर्माण होतो. दुसरा प्रकार अनेक नामवंत कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आजही दिसतो. चुकीच्या मात्रेने पीक करपते, कीड आटोक्यात येत नाही किंवा मालात औषधाचा अंश उरतो, म्हणून या बाबीकडे केवळ मांडणीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

संस्थेने काढलेला मार्ग असा आहे. फोनवर आधी पीक निवडायचे, मग त्या पिकावरची कीड निवडायची, आणि त्यानंतर फक्त त्या जोडीची माहिती एका चौकटीत उभी दिसते. पिकाचे आणि किडीचे नाव चौकटीच्या माथ्यावर सतत राहते. रुंद पडद्यावर हीच माहिती पूर्ण तक्त्याच्या रूपात उलगडते, कारण विक्रेत्यांना आणि कृषी पदवीधरांना सर्व पिके शेजारीशेजारी पाहायची असतात. दोन्हीकडे माहिती एकाच ठिकाणाहून येते, त्यामुळे एकीकडे दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे राहून गेली असे होत नाही.

याच चौकटीत दिलेले गणित मला या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने मान्य केलेल्या लेबलवर मात्रा हेक्टरी असते, शेतकरी हिशेब एकरात आणि गुंठ्यात करतो, आणि प्रत्यक्ष औषध मोजले जाते ते फवारणीच्या पंपाला. पंपही कोणाकडे पंधरा लिटरचा, कोणाकडे सोळा, तर कोणाकडे वीस लिटरचा असतो. समजा, हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यातून फवारायचे आहे. हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर, म्हणून एकरी सुमारे २०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी लागते. वीस लिटरचे दहा पंप होत असतील तर पंपाला २० मिली पुरते. परंतु एखादा शेतकरी आठच पंपांत एकर उरकत असेल तर त्याच मात्रेसाठी पंपाला २५ मिली घ्यावे लागते. बाजारातील बहुतेक पत्रके पंपाला एकच आकडा सांगून मोकळी होतात. येथे पंपाचे माप आणि एकरी पंपांची संख्या विचारून उत्तर दिले जाते, आणि पाण्याचे प्रमाण लेबलवरील मर्यादेबाहेर गेले तर आकडा न देता तसे स्पष्ट सांगितले जाते. हे गणित आमच्या कृषी शास्त्रज्ञांनी तपासले असले तरी ते कोणत्या क्रमाने विचारावे, म्हणजे हातात पंप घेतलेल्या माणसाला कमीत कमी वेळा पडद्याला बोट लावावे लागेल, हा विचार पूर्णपणे संस्थेचा होता.

रंगांच्या बाबतीत आमचा आणि संस्थेचा मतभेद झाला. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार औषधाच्या वेष्टनावर विषाची तीव्रता दाखवणारे चिन्ह असते: कोनावर उभा केलेला चौकोन, त्याच्या वरच्या त्रिकोणात इशारा आणि खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल म्हणजे सर्वाधिक तीव्र, हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. आमच्या नव्या ओळखीचा मुख्य रंग हिरवा आहे, आणि पानाचा तोल सांभाळण्यासाठी ही चिन्हे एकाच करड्या छटेत दाखवावीत असा प्रस्ताव डिझायनरांनी ठेवला होता. तो आम्ही मान्य केला नाही. पाकिटावर जो रंग आहे तोच पडद्यावर दिसला पाहिजे, कारण अक्षर न वाचताही तो रंग ओळखणारी माणसे फवारणी करतात. एकदा हे कारण समजल्यावर संस्थेने आम्ही मागितले त्यापेक्षा पुढचे पाऊल उचलले: सुरक्षिततेच्या विभागातून तिने कंपनीचा हिरवा रंगच काढून टाकला, म्हणजे विषाच्या चिन्हातील हिरवा आणि बटणाचा हिरवा यांची गल्लत होणार नाही.

त्याच हिरव्याची दुसरी अडचण उन्हाची होती. ओळख बदलण्याच्या मार्गदर्शिकेत फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरे आणि पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे ठरवून दिलेली होती. वातानुकूलित खोलीत ती प्रसन्न दिसतात, पण भर दुपारी वाशीच्या भाजी बाजाराबाहेर उभे राहून फोन उघडला तेव्हा त्यातले काहीच वाचता येईना. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे असा सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. उन्हासाठी संस्थेने मजकुराला त्याहूनही बरेच अधिक प्रमाण ठेवले आणि मार्गदर्शिकेतील त्या दोन जोड्या संकेतस्थळापुरत्या रद्द करून घेतल्या. ही मार्गदर्शिका दुसऱ्या एका जाहिरात संस्थेने केलेली असल्यामुळे हे घडवून आणणे सोपे नव्हते.

देवनागरीची हाताळणी अखेरीस उत्तम झाली, मात्र ती चुकीच्या क्रमाने झाली. सुरुवातीचे सर्व आराखडे इंग्रजी मजकुरावर बेतलेले होते आणि मराठी मजकूर शेवटच्या टप्प्यात ओतला जाणार होता. तो ओतल्यावर व्हायचे तेच झाले. शीर्षकांना दिलेल्या अक्षरांमधील जादा अंतरामुळे शिरोरेषा जागोजागी तुटली, ओळींमधील अंतर कमी पडल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले, आणि ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ किंवा ‘विक्रेता शोधा’ असे शब्द बटणांबाहेर सांडले. यानंतर संस्थेने मराठी अक्षररचना जाणणाऱ्या एका डिझायनरला चमूत घेतले आणि चित्र पालटले. अंतरे नव्याने ठरली. मुंबईतील एक टाइप या अक्षरकारांच्या गटाचा मुक्ता हा मुक्त परवान्याचा फाँट निवडला गेला. मराठी आणि रोमन अक्षरांच्या फायली वेगळ्या करून गरजेपुरतीच फाइल उतरेल अशी सोय झाली. प्रत्येक पानाची भाषा मराठी असल्याची नोंद त्या पानाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) करण्यात आली, हीही योग्य गोष्ट झाली. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्या नोंदीमुळेच उमटतात, आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही मराठी उच्चार निवडता येतात. परिणाम चांगला आहे, पण क्रम चुकल्याने वेळ गेला आणि जादा कामाचे देयकही आले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी संकेतस्थळ करायचे तर पहिला आराखडा मराठी मजकुरावरच व्हायला हवा, हे संस्थेला स्वतःहून सुचायला हवे होते.

जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे कामही याच टप्प्यात आले. आमची बहुतेक पत्रके छपाईसाठी श्रीलिपी या युनिकोडपूर्व फाँट-प्रणालीत जुळवलेली होती आणि तो मजकूर तसाच संकेतस्थळावर टाकला तर निरर्थक चिन्हे उमटतात. रूपांतर यंत्राने होते, परंतु जोडाक्षरे आणि विरामचिन्हे यांत चुका राहतात आणि मात्रेच्या आकड्याजवळची अशी चूक कोणत्याही परिस्थितीत चालणारी नसते. संस्थेने प्रत्येक उत्पादनाच्या पानासाठी आमच्या कृषी शास्त्रज्ञाची मंजुरी सक्तीची केली. मंजुरीशिवाय पान प्रकाशितच होत नाही. ही शिस्त आजही उपयोगी पडते आहे. अनेक कंपन्या या त्रासातून सुटण्यासाठी पत्रकाचे छायाचित्रच संकेतस्थळावर लावतात, पण त्यातला मजकूर गुगलला सहसा सापडत नाही आणि फोनवर तो मोठा करून वाचताना ओळ हातची निसटते.

वेगाबाबत तक्रार नाही. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उतरत असताना मजकूर जागचा हलू नये, हे गुगलचे तिन्ही निकष उत्पादनाची पाने पूर्ण करतात. यातला तिसरा निकष आमच्यासाठी विशेष महत्त्वाचा होता, कारण चित्र उशिरा उतरून यादी खाली सरकली तर बोट भलत्याच पिकावर पडते. ड्रोनचे चित्रीकरण आता फक्त रुंद पडद्यावर चालते.

खरी चाचणी पालघर जिल्ह्यातील एका कृषी सेवा केंद्रात झाली. भाताची रोपवाटिका टाकण्याच्या आधीचे ते दिवस होते. संस्थेची माणसे तोवर आपल्या महागड्या फोनवरच काम तपासत होती. आमच्या आग्रहावरून ती दुकानात येऊन बसली आणि गिऱ्हाईक संकेतस्थळ कसे वापरते ते पाहू लागली. गिऱ्हाईक ते थेट वापरतच नव्हते. दुकानदार आपल्या फोनवर पान उघडून ते व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला पाठवत होता. ‘‘साहेब, जुनं पाकीट आन् नवं पाकीट शेजारी दाखवा, बाकी मी सांगतो,’’ असे त्याने सांगितले. त्या एका सूचनेतून दोन सुधारणा झाल्या. पान पाठवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उमटणाऱ्या छोट्या चौकटीत आता उत्पादनाचे नाव आणि पाकिटाचे छायाचित्र दिसते, आणि प्रत्येक उत्पादनाच्या पानावर जुने व नवे वेष्टन शेजारीशेजारी आहे. संपर्काच्या अर्जात ईमेल सक्तीचा होता, तोही याच भेटीनंतर ऐच्छिक झाला आणि दूरध्वनी क्रमांक ठळकपणे वर आला.

आता मुख्य दोषाकडे येतो. पाकिटांवर संकेतस्थळाचा जुना पत्ता आणि जुने क्यूआर कोड छापलेले होते. कीटकनाशकाची मुदत बहुधा दोन वर्षांची असते, म्हणजे नाव बदलल्यानंतरही जुनी पाकिटे अनेक हंगाम दुकानांत राहतात. जुन्या पत्त्यावरील प्रत्येक पान नव्या संकेतस्थळावरील त्याच उत्पादनाच्या पानाकडे कायमचे वळवणे, ही या कामातील मूलभूत गोष्ट होती. संस्थेने सर्व जुनी पाने सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवली. नवे संकेतस्थळ मे महिन्यात सुरू झाले, जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या आणि पाकिटावरचा कोड स्कॅन करणाऱ्या शेतकऱ्याला मात्रेऐवजी अनोळखी नावाचे आणि अनोळखी रंगाचे मुखपृष्ठ दिसू लागले. औषध खरे आहे का, अशी विचारणा करणारे दूरध्वनी विक्रेत्यांकडून येऊ लागले. गुगलही असे सरसकट वळवलेले पान बहुतेक वेळा हरवलेलेच मानते, त्यामुळे जुन्या पानांनी शोधात वर्षानुवर्षे मिळवलेले स्थानही घसरले. तक्रारीनंतर पानागणिक जोड्या लावून देण्यात आल्या, परंतु तोवर ज्या आठवड्यांत माहितीची सर्वाधिक गरज असते ते आठवडे हातचे गेले होते. वळवण्याची व्यवस्था किमान वर्षभर ठेवावी असे गुगल सुचवते. आमच्या व्यवसायात ती शेवटच्या पाकिटाची मुदत संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ ठेवणे आवश्यक आहे.

याला जोडूनच दुसरी बाब आहे. पान स्वच्छ दिसावे म्हणून संस्थेने जुने नाव संकेतस्थळावरून पूर्णपणे वगळले होते. गुगलवर जुने नाव शोधणाऱ्याला त्यामुळे आम्ही सापडतच नव्हतो. बोधचिन्हाखाली पूर्वीचे नाव सांगणारी एक लहान ओळ टाकण्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला, आणि ती ओळ आल्यावर विक्रेत्यांचे दूरध्वनी लक्षणीय प्रमाणात कमी झाले. नाव बदलण्याचा अर्थ संस्थेने नवे दिसणे एवढाच घेतला होता. जुना विश्वास नव्या नावावर आणून ठेवणे हाही त्याचाच भाग आहे, याची तिला जाणीव करून द्यावी लागली.

हस्तांतरण ठीकठाक झाले. मजकूर बदलण्याची व्यवस्था सोपी आहे, पण तिचे प्रशिक्षण आणि सूचना इंग्रजीतच होत्या; अकोल्याच्या आणि नाशिकच्या आमच्या सहकाऱ्यांसाठी मराठी टिपण आम्हालाच तयार करावे लागले. सेवेचे शुल्क मुंबईच्या मानाने वरच्या पट्टीतील आहे. मात्रेच्या चौकटीचा आणि गणिताचा दर्जा पाहता मला ते अवाजवी वाटत नाही, मात्र मराठीसाठी वेगळे देयक लावण्याचे समर्थन करता येत नाही.

हिंदी आणि गुजराती आवृत्त्यांचे काम आम्ही याच संस्थेला दिले आहे. गुजरातीला शिरोरेषा नसली तरी मात्रा आणि उकारांसाठी ओळींमध्ये जागा तेवढीच लागते, म्हणून या वेळी पहिले आराखडे त्या त्या भाषेतील प्रत्यक्ष मजकुरावर होतील असे करारात नमूद आहे. जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी आणि प्रत्येकाचे नवे ठिकाण काम सुरू होण्यापूर्वी सादर करणे, प्रत्येक भाषेची चाचणी त्या भागातील कृषी सेवा केंद्रात घेणे, आणि मे ते जुलै या काळात संकेतस्थळावर कोणताही मोठा बदल न करणे, या अटीही त्यात घातल्या आहेत. संस्थेने त्या हरकत न घेता स्वीकारल्या असून गुजराती मजकुराच्या तपासणीसाठी आणंदच्या एका कृषी पदवीधराची नेमणूक तिने स्वतःच्या खर्चाने केली आहे.